टीव्ही घेण्यापूर्वी खोली मोजा

दसरा-दिवाळी जवळ आली की उल्हासनगरच्या बाजारात गर्दी वाढू लागते. अंबरनाथ आणि बदलापूर येथील माणसेही लोकलने एक-दोन स्थानके मागे येऊन तेथे खरेदी करतात. टीव्हीच्या दुकानात शिरले की भिंतभर संच मांडलेले दिसतात. कुणाच्या पडद्यावर निळा समुद्र, कुणाच्या पडद्यावर लालभडक फुले. सारीच चित्रे लखलखीत! दुकानदार सांगतो, "हा फोर-के घ्या, तो फुल एचडी आता जुना झाला." दोन्हींच्या किमतीत काही हजारांचा फरक असतो. घरातील मोठी माणसे विचारात पडतात आणि बहुधा जे चित्र सर्वांत झगझगीत तेच पसंत करतात. पुढे संच घरी येतो, नेहमीची बातमीवाहिनी लावली जाते, आणि मग प्रश्न पडतो : दुकानात दिसले तसे चित्र घरी का दिसत नाही?

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर काढायला फार मोठे ज्ञान लागत नाही. आठवी-नववीची भूमिती, एक मोजपट्टी आणि स्वतःचे डोळे एवढे साहित्य पुरते. घरातल्या वर्षभराच्या बचतीतून होणारी ही खरेदी असते. तिच्यात घरच्यांना नेमकी मदत तुम्हीच करू शकाल. कशी, ते पाहू या.

६२५ ओळींचे चित्र

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चित्र कृष्णधवल होते. आपल्या देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले. त्या पद्धतीत प्रत्येक चित्र ६२५ आडव्या ओळींचे असे. त्यांतील सुमारे ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्रासाठी वापरल्या जात, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे पाठवली जात.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे वरळीच्या मनोऱ्यापासून सरळ रेषेत चाळीस ते पन्नास किलोमीटरांवर आहेत. एवढ्या अंतरावर चित्राचा दर्जा ठरत असे तो मुख्यतः छपरावरच्या अँटेनावरून. लहरी कमकुवत आल्या तर चित्रावर 'मुंग्या' येत. एखाद्या डोंगरावरून किंवा उंच इमारतीवरून परावर्तित झालेली लहर थोडी उशिरा पोचली, तर मूळ चित्राच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसे. तिला 'भूतप्रतिमा' म्हणत. हे भूत किती अंतरावर दिसेल याचेही गणित होते. परावर्तित लहरीला दीड किलोमीटर जादा प्रवास करावा लागला, तर तिला सेकंदाच्या वीस लाख भागांपैकी दहा भाग, म्हणजे पाच मायक्रोसेकंद, उशीर होतो. चित्राची एक ओळ आखायला ५२ मायक्रोसेकंद लागत. म्हणजे भूत पडद्याच्या रुंदीच्या जवळजवळ एक-दशांश इतके उजवीकडे सरकलेले दिसे.

आज केबलवरून, डिशवरून किंवा इंटरनेटवरून येणारे चित्र आकड्यांच्या रूपात येते. आकडे नीट पोचले तर चित्र नीट उमटते; फारच बिघडले तर चित्राचे चौकोनी तुकडे होतात किंवा ते थिजते. मुंग्या आणि भुते गेली. त्यामुळे चित्राचा दर्जा पारखण्याच्या कसोट्याही बदलल्या आहेत.

ठिपक्यांचा पडदा

चालू टीव्हीच्या पडद्यासमोर एक साधे भिंग धरून पाहा. पडदा अखंड नसून लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्यांचा बनलेला दिसेल. अशा तीन पट्ट्या मिळून एक 'पिक्सेल' होतो. आपण त्याला चित्रबिंदू म्हणू. या तीन रंगांचे प्रमाण कमीअधिक करून तो बिंदू हवा तो रंग दाखवतो.

दुकानात ऐकू येणारे शब्द म्हणजे या बिंदूंची मोजदाद होय. 'एचडी रेडी' संचात बहुधा १३६६ उभ्या रांगा आणि ७६८ आडव्या ओळी असतात, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास बिंदू. 'फुल एचडी' म्हणजे १९२० × १०८०, सुमारे पावणेएकवीस लाख. 'फोर-के' म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख. फुल एचडीच्या बरोबर चौपट!

चौपट बिंदू म्हणजे चौपट चांगले चित्र, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते बिंदू आपल्या डोळ्यांना वेगवेगळे दिसले तरच त्यांचा उपयोग. तेव्हा आधी डोळ्याची मर्यादा तपासली पाहिजे.

डोळा किती बारीक पाहू शकतो?

एखादी वस्तू किती मोठी 'दिसते' हे तिच्या मापावर नव्हे, तर ती डोळ्याशी केवढा कोन करते यावर अवलंबून असते. चंद्राचा व्यास सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे, पण तो डोळ्याशी जेमतेम अर्धा अंशाचा कोन करतो. हात लांब करून धरलेल्या अंगठ्यामागे तो सहज झाकला जातो.

अंशाचे साठ समान भाग केले की प्रत्येक भाग कोनाचा एक मिनिट होतो. पंचांगात हाच भाग 'कला' या नावाने येतो. आपणही कला हाच शब्द वापरू, म्हणजे घड्याळाच्या मिनिटाशी घोटाळा होणार नाही. चांगल्या उजेडात निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे एक कला अंतर असावे लागते. याहून जवळ असलेले ठिपके एकमेकांत मिसळून एकच भासतात.

असे का होते? डोळ्याच्या मागच्या बाजूस दृष्टिपटल असते. त्याच्या मध्यभागी प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी दाटीने बसलेल्या असतात. दोन शेजारी पेशींत मिलिमीटरच्या सुमारे दोन-अडीच सहस्रांश इतकेच अंतर असते. एक कला कोन करणाऱ्या वस्तूची दृष्टिपटलावरची प्रतिमा सुमारे पाच सहस्रांश मिलिमीटर लांबीची होते, म्हणजे दोन पेशींच्या अंतराइतकी. दोन ठिपके वेगळे कळायचे, तर त्यांच्या प्रतिमा पडलेल्या दोन पेशींच्या मध्ये निदान एक पेशी मोकळी राहिली पाहिजे. ठिपके याहून जवळ आले की ती मोकळी पेशीच उरत नाही.

डोळे तपासताना भिंतीवर लावतात तो अक्षरांचा तक्ता याच तत्त्वावर केलेला आहे. नेदरलँड्समधील नेत्रवैद्य स्नेलेन यांनी तो १८६२ मध्ये तयार केला. ६/६ दृष्टी असलेल्या माणसाने सहा मीटरांवरून जे अक्षर वाचायचे, ते पाच कला उंच असते आणि त्याच्या रेघेची जाडी एक कला असते.

३४३८ हा आकडा

आता एक कला म्हणजे प्रत्यक्षात केवढे अंतर, ते काढू. तुम्ही वर्तुळाच्या मध्यभागी आहात अशी कल्पना करा. वर्तुळाच्या पूर्ण परिघाशी ३६० अंशांचा, म्हणजे ३६० × ६० = २१,६०० कलांचा कोन होतो. परिघ = २ × ३.१४१६ × त्रिज्या. म्हणून एका कलेसमोरचा परिघाचा तुकडा

= ६.२८३२ × त्रिज्या ÷ २१,६०० = त्रिज्या ÷ ३४३८ (जवळजवळ).

हा ३४३८ आकडा आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ज्यांची, म्हणजे साइनची, जी सारणी दिली, तिच्यात वर्तुळाची त्रिज्या ३४३८ कला धरलेली आहे. ज्या आकड्याने त्याने ग्रहांचे गणित केले, त्याच आकड्याने आपण टीव्हीचे गणित करणार आहोत.

यावरून एक सोपा नियम मिळतो : १ मिलिमीटरची वस्तू ३४३८ मिलिमीटरांवरून, म्हणजे सुमारे ३.४ मीटरांवरून, एक कला कोन करते; १ सेंटिमीटरची वस्तू सुमारे ३४ मीटरांवरून.

अंबरनाथचे शिवमंदिर तुम्ही पाहिले असेल. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा उल्लेख आहे. मंदिराच्या बाहेरील भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. चौतीस मीटर दूर उभे राहिले, तर तेथील एक सेंटिमीटरहून बारीक कोरीवकाम कितीही सुबक असले तरी डोळ्याला दिसणारच नाही. दगडाच्या छटा एकमेकींच्या जवळच्या असल्यामुळे ते प्रत्यक्षात याच्याही आधी दिसेनासे होते. शिल्पी कसबी होता यात शंका नाही. ते कसब पाहायचे तर जवळ जायला हवे, इतकेच. टीव्हीच्या ८३ लाख बिंदूंचेही तसेच आहे.

पडदा आणि अंतर

टीव्हीचा आकार कर्णावरून सांगतात. खोक्यावर तो सेंटिमीटरांत छापलेला असतो, जसे ८० सेंमी (३२ इंच). पडद्याची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण १६ : ९ असते. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण √(२५६ + ८१) = √३३७ = १८.३६ भाग येतो. म्हणून

उंची = ९ ÷ १८.३६ × कर्ण = ०.४९ × कर्ण, आणि रुंदी = ०.८७ × कर्ण.

एका ओळीची जाडी म्हणजे उंची भागिले ओळींची संख्या. ही जाडी ज्या अंतरावरून बरोबर एक कला दिसते, ते अंतर

= ३४३८ × उंची ÷ ओळींची संख्या.

यात वेगवेगळ्या ओळीसंख्या घालून पाहा. ५७६ ओळींसाठी हे अंतर पडद्याच्या उंचीच्या सुमारे ६ पट येते, ७६८ ओळींसाठी साडेचार पट, १०८० ओळींसाठी ३.२ पट, आणि २१६० ओळींसाठी १.६ पट. आपण याला 'सीमा-अंतर' म्हणू. काही मापे अशी येतात :

८० सेंमी (३२ इंच), उंची ३९ सेंमी : एचडी रेडी १.७५ मीटर, फुल एचडी १.२५ मीटर.
१०८ सेंमी (४३ इंच), उंची ५३ सेंमी : फुल एचडी १.७ मीटर, फोर-के ०.८५ मीटर.
१३९ सेंमी (५५ इंच), उंची ६८ सेंमी : फुल एचडी २.२ मीटर; फोर-के १.१ मीटर.
१६४ सेंमी (६५ इंच), उंची ८० सेंमी : फुल एचडी २.६ मीटर, फोर-के १.३ मीटर.

सीमा-अंतराच्या आत बसलात तर ओळी आणि ठिपके जाणवू लागतात. बरोबर त्या अंतरावर बसलात तर संचातील सारे तपशील दिसतात. त्यापलीकडे गेलात की तपशील एकमेकांत मिसळू लागतात, आणि दुप्पट अंतरावर तर निम्म्या ओळी वाया जातात.

हेच गणित उलटे केले की आणखी उपयोगाचे ठरते. समजा, बदलापूरच्या एका घरात बैठकीपासून टीव्हीची भिंत ३ मीटरांवर आहे. तेथे बसून १०८ सेंमीच्या पडद्यावर डोळ्याला वेगळ्या दिसू शकणाऱ्या ओळी किती? ३४३८ × ५३ ÷ ३०० = सुमारे ६०७. म्हणजे तेथे फुल एचडीच्या १०८० ओळीसुद्धा पुरत्या कामी येत नाहीत. मग फोर-केच्या २१६० ओळींसाठी जादा पैसे मोजून स्पष्टपणात काय मिळणार? त्याच खोलीत ८० सेंमीचा संच ठेवला तर डोळ्याला सुमारे ४५० ओळीच वेगळ्या दिसतील. एचडी रेडी आणि फुल एचडी यांत तेथून फरक ओळखणे कठीण होईल.

येथे एक सावधगिरी हवी. एक कला ही काही पक्की भिंत नव्हे. तुमच्या वयाच्या, चांगल्या दृष्टीच्या मुलांना याहून थोडे बारीकही दिसते, आणि तिरक्या रेषेतील पायऱ्या तर डोळा आणखी सहज पकडतो. म्हणून हिशेबात दीडपट सूट द्यावी. तशी सूट दिली तरी वरच्या उदाहरणात आकडा ९१० च्या पुढे जात नाही.

दुसरी गोष्ट अशी, की मोठ्या मापाचे संच आता बहुतेक फोर-केच मिळतात. तेव्हा तेथे 'फोर-के की फुल एचडी' हा प्रश्नच राहत नाही. दोन फोर-के संचांत निवड करायची असते, आणि ती पुढे सांगितलेल्या गुणांवरून करावी.

पडदा केवढा असावा, यासाठी आणखी एक माप उपयोगी पडते. पडद्याची रुंदी डोळ्याशी सुमारे ३० अंशांचा कोन करील अशा अंतरावर बसावे, असे सामान्यतः सुचवले जाते. हे अंतर कर्णाच्या सुमारे १.६ पट येते. फार जवळ गेले तर मान सतत फिरवावी लागते, फार दूर गेले तर चित्र चिमुकले वाटते. घरच्या वापरासाठी कर्णाच्या १.६ ते २.५ पट अंतर चालेल. म्हणजे बसण्याचे अंतर २ मीटर असेल, तर ८० ते १२५ सेंमी कर्णाचा संच शोभेल; ३ मीटर असेल, तर १२० ते १८५ सेंमी.

चित्र येते कोठून?

आतापर्यंत आपण पडद्याच्या ओळी मोजल्या. पण पडद्यावर येणाऱ्या चित्रात तेवढ्या ओळी असतात का? नळ कितीही मोठा बसवला तरी टाकीतून येईल तेवढेच पाणी मिळणार.

साध्या वाहिन्यांवर आजही ५७६ ओळींचेच चित्र येते. दूरदर्शनच्या मोफत डिशवरील बऱ्याच वाहिन्या अशाच आहेत. हे चित्र फोर-के पडद्यावर दाखवायचे, तर ५७६ ओळी ताणून २१६० कराव्या लागतात. म्हणजे मूळ एका ओळीच्या जागी जवळजवळ चार ओळी. मधल्या ओळी संच शेजारच्या ओळींवरून अंदाजाने भरतो. चांगला संच हा अंदाज सफाईने करतो. तरी मूळ चित्रात नसलेली पापणी किंवा पान तो खरेखुरे निर्माण करू शकत नाही.

आता उल्हासनगरमधील एका लहान खोलीचा विचार करा. पलंगापासून टीव्हीची भिंत २ मीटर, आणि घरी मोफत डिश. ५७६ ओळींच्या चित्राचे सीमा-अंतर उंचीच्या ६ पट. ८० सेंमीच्या संचासाठी ते सुमारे २.३ मीटर येते, म्हणजे २ मीटरांवरून चित्र किंचित मऊ दिसेल, पण चालेल. १०८ सेंमीच्या संचासाठी तेच अंतर ३.२ मीटर येते, आणि खोलीत मागे सरकायला जागा नाही! तेव्हा मोठा आणि महाग संच आणल्यावर त्या घरातील रोजचे चित्र सुधारणार नाही, उलट अधिक धूसर भासेल. अशा घराने ८० सेंमीचा एचडी रेडी संच घेतला, तर तो काटकसरीचा आणि शास्त्रशुद्धही निर्णय ठरेल.

पूर्वीच्या वीस इंची, म्हणजे ५१ सेंमीच्या, चौकोनी संचाची उंची सुमारे ३१ सेंमी होती. तिची सहा पट केली की १.८५ मीटर, म्हणजे सहा फूट. चाळीतल्या खोलीत त्या संचावर चित्र नेटके का दिसे, याचे कारण हेच.

दुकानात काय पाहावे?

बिंदूंची संख्या हा दर्जाचा केवळ एक भाग झाला. काळ्याचा गडदपणा, रंगांचा खरेपणा, बाजूने दिसणारे चित्र, हालचालीतील स्पष्टपणा आणि पडद्यावरील प्रतिबिंब हे गुण बसण्याच्या कोणत्याही अंतरावरून जाणवतात. ते असे तपासावेत :

१. घरचे अंतर दुकानात आखा. घरी बैठकीपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहून न्यावे. दुकानात मोजपट्टीने तेवढेच अंतर सोडून उभे राहावे. हातभर अंतरावरून केलेली तुलना फसवी असते.

२. दुकानी झगमगाट बंद करायला सांगा. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन चित्रांपैकी अधिक उजळ ते अधिक चांगले, असे मन चटकन ठरवते. म्हणून दुकानात संच अतिशय उजळ आणि भडक मांडणीवर ठेवतात. दुकानातील दिव्यांचा प्रकाशही घरापेक्षा पुष्कळ जास्त असतो. 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' अशी मांडणी लावून घ्यावी आणि दोन्ही संचांवर एकच मांडणी ठेवावी. कमी उजळ मांडणीत वीजही कमी लागते.

३. रोजचेच चित्र पाहा. दुकानात फिरत असलेली चित्रफीत खास त्या संचासाठी तयार केलेली असते. आपण घरी पाहतो ती वाहिनी लावायला सांगावी. पेनड्राइव्हवर घरच्या माणसांचे दोन-चार फोटो न्यावेत. आईच्या किंवा मित्राच्या चेहऱ्याचा रंग कसा असतो हे तुम्हाला पक्के ठाऊक असते. चेहरा लालभडक किंवा पिवळट दिसला तर रंग खरे नाहीत.

४. काळ्याकडे पाहा. फोटोतील काळे केस आणि गडद कपड्यांच्या चुण्या वेगळ्या दिसतात का? डोळ्यांभोवती दोन्ही हातांचा आडोसा करून रात्रीचे दृश्य पाहावे. काळा रंग राखाडी दिसत असेल, तर घरी दिवा मालवल्यावर तो अधिकच राखाडी दिसेल.

५. बाजूला सरका. आपल्याकडे लहान खोलीत सारे घर टीव्ही पाहते. दोघे समोर, तर दोघे कडेला असतात. पडद्यासमोरून ४५ अंश बाजूला जाऊन पाहावे. काही संचांत तेथून रंग फिके पडतात. असा संच एकट्यादुकट्याला चालेल, मोठ्या कुटुंबाला नाही.

६. सरकती अक्षरे वाचा. बातम्यांच्या खाली धावणारी पट्टी सहज वाचता येते की अक्षरांना शेपट्या फुटतात? क्रिकेटच्या सामन्यात चेंडूमागे धूसर रेघ दिसते का?

७. पडद्यात स्वतःला पाहा. संच बंद करून त्यात दिव्यांचे प्रतिबिंब किती ठसठशीत दिसते ते पाहावे. घरी खिडकी टीव्हीच्या समोरच असेल, तर हा गुण फार महत्त्वाचा.

जवळ जाऊन बसणारे मूल

पुष्कळ घरांत एखादे मूल टीव्हीला चिकटून बसते, आणि "डोळे जातील!" म्हणून त्याला ओरडा बसतो. पण आपण आताच केलेले गणित वेगळेच काही सुचवते. दोन-तीन मीटरांवरून इतरांना सहज वाचता येणारी पट्टी त्या मुलाला वाचता येत नसेल, तर ते जवळ जाऊन अक्षरांचा कोन मोठा करून घेत असते. संच बदलून किंवा त्याला मागे ढकलून हे सुटणार नाही. त्याला लघुदृष्टी असण्याचा संभव आहे आणि त्याचे डोळे तपासून घ्यायला हवेत. असे मूल वर्गात फळाही नीट पाहू शकत नसते, पण 'सर्वांना असेच दिसते' असे वाटून कुणाला सांगत नाही. अभ्यासात लक्ष नाही असा शिक्का मात्र त्याच्यावर बसतो.

म्हणून ही साधी चाचणी घरी करावी. सर्वांनी एकाच अंतरावर बसून, एकेक डोळा हाताने झाकून, पडद्यावरची तीच अक्षरे वाचावीत. एकाला ती वाचता आली नाहीत, तर त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. तीन मीटरांवरून ६/६ दृष्टीला सुमारे साडेचार मिलिमीटर उंचीचे अक्षर वाचता येते. टीव्हीवरील अक्षरे त्याहून बरीच मोठी असतात. तसेच, घराबाहेर उजेडात खेळण्याचा वेळ वाढवला तर मुलांत लघुदृष्टी सुरू होण्याचे प्रमाण कमी होते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. संच कोणताही असो, मैदान विसरू नये.

करून पाहा

(१) पांढऱ्या कागदावर १ मिमी जाडीच्या काळ्या रेघा, मध्ये १ मिमी जागा सोडून, आखा. चांगल्या उजेडात कागद भिंतीवर लावा आणि मागे सरकत जा. रेघा मिसळून राखाडी पट्टा कोठून दिसू लागतो? मित्राने तुमच्या नकळत कागद उभा किंवा आडवा करावा आणि रेघांची दिशा तुम्ही ओळखावी, म्हणजे अंदाजाला वाव राहणार नाही. दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढा आणि ती ३.४ मीटरांशी ताडून पाहा. शिक्षकांनी वर्गातील सर्वांची अंतरे फळ्यावर मांडल्यास, कुणाचे डोळे तपासायला हवेत तेही लक्षात येईल.

(२) रेल्वेस्थानकावरील गाड्यांची वेळ दाखवणारा फलक ठिपक्यांचा असतो. फलाटाच्या कडेपासून दूर, सुरक्षित जागी राहून, ठिपके एकजीव कोठून दिसतात ते अंतर पावलांनी मोजा. ते ३४३८ ने भागा. दोन ठिपक्यांतील अंतर किती आले? २० मीटरांवर ठिपके मिसळत असतील, तर ते सुमारे ६ मिलिमीटर यायला हवे.

(३) तुमच्या घरचा टीव्ही, त्याच्या ओळी आणि बसण्याचे अंतर लिहा. तेथून तुमच्या डोळ्याला किती ओळी वेगळ्या दिसू शकतात? त्यांतील किती ओळी वाया जातात?

(४) १२६ सेंमी (५० इंच) कर्णाच्या फुल एचडी संचाचे सीमा-अंतर काढा. (उत्तर : सुमारे २ मीटर.)

(५) एका खोलीत बसण्याचे अंतर २.४ मीटर आहे आणि घरी १०८० ओळींच्या वाहिन्या येतात. कर्णाच्या १.६ ते २.५ पट या नियमाने कोणत्या मापाचे संच बसतील? त्यांपैकी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या संचावर डोळ्याला किती ओळी वेगळ्या दिसतील? (उत्तर : ९६ ते १५० सेंमी, सुमारे ६७५ आणि १०५३ ओळी.)

हे गणित सुटले की घरच्यांबरोबर बाजारात जाताना खिशात मोजपट्टी, बसण्याचे अंतर लिहिलेला कागद आणि फोटोंचा पेनड्राइव्ह एवढे घेऊन जा. दुकानदाराने आकडे सांगितले की ते आपल्या खोलीच्या मापाशी ताडून पाहा, आणि मगच पैसे मोजा.